घणाचं काम

गावाचा डीपी, म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर, जळाला तेव्हा लोहाराचा मुलगा पेरणीच्या एका पाभरीचा मोडलेला दांडा वेल्डिंगने जोडत होता. डोळ्यांपुढे काळी काच धरून तो वाकलेला होता आणि एकाएकी ठिणगी विझली. रॉड संपला असेल म्हणून त्याने काच बाजूला केली, तर रॉड अर्धा शिल्लक. भट्टीचा पंखा धापा टाकत थांबला. पलीकडच्या गल्लीतली गिरणी थांबली. मळ्यांतल्या मोटारी एकामागून एक गप्प झाल्या. एवढे आवाज आपल्या कानात दिवसभर असतात हे त्याला तेव्हा कळलं. मग गावाच्या कडेकडून जळक्या तेलाचा वास आला.

लोहार आतून भाकरीचा हात तसाच घेऊन बाहेर आला.

"मशीन लावलेलं होतं का?"

"लावलेलं होतं."

"मग झालं. हात धुऊन घेतो. आता गाव इथेच येणार."

गाव आलंच. पुढे गिरणीवाला होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, भुवयांवरसुद्धा पीठ. त्याच्या मागे दोघे-तिघे मळेवाले, आणि बर्फाची पेटी ठेवणारा दुकानदार. कोणी आवाज चढवला नाही. गिरणीवाला उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "किती वेळा सांगितलं, गिरणी चालू असताना मशीन लावू नका. तुमचं मशीन लागलं की गावातला दिवा डोळा मारतो. माझी चक्की कण्हते. आता घ्या."

"गिरणी पण चालूच होती की," मुलगा म्हणाला.

"गिरणी लोकांच्या पोटासाठी आहे."

"आणि पाभर कशासाठी आहे?"

लोहाराने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. खापर फोडायला एक डोकं लागतं, आणि ते सापडलं होतं. गाव उन्हात परत गेलं.

काही वर्षांपूर्वी वीज आली तेव्हा ती दिव्यांपुरती आली होती. पुढे गिरणीवाल्याने डिझेलचं इंजिन बाजूला टाकून मोटार घेतली. मळेवाल्यांनी विहिरींवर मोटारी बसवल्या, तशी भाजी वाढली. भाजी वाढली म्हणून हातगाड्या लागल्या, विहिरींना जाळ्या लागल्या, गोठ्यांना दारं लागली, आणि ते सगळं लोहाराकडे आलं. मग लोहाराने वेल्डिंगचं मशीन आणलं. गावात हात रिकामा असलेला माणूस दिसेनासा झाला. डीपी मात्र दिव्यांच्या वेळचाच राहिला होता.

वीज खात्याचा इंजिनियर मोटारसायकलवरून आला. तरुण होता, सभ्य होता. त्याने जळलेल्या डीपीकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं. खाली गाव गोळा झालं होतं.

"याच्यावर झेपेल त्याच्या दुप्पट लोड होता," तो म्हणाला.

"मग दुप्पट मोठा द्या," बर्फवाला म्हणाला.

"मोठा डीपी जास्त वापर असलेल्या गावाला आधी मिळतो. कागदावर तुमच्या गावाचा वापर कमी आहे."

"साहेब, वीज पुरत नाही म्हणून तर कमी आहे. अजून चार जण मोटार घ्यायला बसलेत."

"ते मला कळतं. वर म्हणतात, वापर वाढू द्या, मग बघू."

मागे उभा असलेला लोहार म्हणाला, "म्हणजे आधी जेवून दाखवा, मग ताट वाढू."

दोघे-चौघे हसले. इंजिनियरही थोडा हसला आणि मग त्याने हेल्मेटचा पट्टा चाळवायला घेतला. "मी वर लिहितो," तो म्हणाला. "हाच दुरुस्त होऊन येईल. वेळ लागेल. मी खोटं सांगत नाही."

वेळ लागला. मळ्यांतली वांगी आधी मान टाकायला लागली, मग पानं कुरकुरीत झाली. बर्फवाल्याने पेटी उन्हात उघडी टाकली, तिच्यात कोंबड्या बसायला लागल्या. पण जमीन कोणाच्या डीपीसाठी थांबत नाही. मशागतीचे दिवस आले तशी माणसं फाळ, कुदळी, विळे घेऊन लोहाराच्या दारात यायला लागली. कोणी सरळ आत येत नव्हतं. अंगणात उभं राहून विचारायचं, "भट्टी चालू आहे का?"

भट्टी चालू करायची तर वारा हवा. माळ्यावरून जुना भाता खाली काढला. उंदरांनी चामडं कुरतडलं होतं. लोहारणीने एका भंगार दुचाकीच्या सीटचं रेक्झिन कापलं, दाभण घेतलं आणि दिवसभर बसून भाता शिवला. संध्याकाळी साखळी ओढून पाहिली, तर भात्याने म्हाताऱ्या म्हशीसारखा सुस्कारा टाकला. सून हसली. सासू हसली नाही.

"हसू येतंय तोवर हस," ती म्हणाली. "उद्या तूच ओढायचा आहेस."

सून या घरात आली ती मशीन आल्यानंतर. तिचा बाप वीटभट्टीवरचा मजूर. तिची आई डोक्यावर विटा वाहता वाहता खचली आणि गेली, आणि सुनेनेही लहानपणी विटा वाहिल्या होत्या. लग्नाच्या बोलणीत बापाने काही मागितलं नाही. तो एवढंच म्हणाला होता, "लोहाराच्या घरात बायका घण मारतात, मला माहीत आहे. तुमच्याकडे मशीन आहे म्हणून मुलगी देतोय. तिच्या हातात घण देऊ नका." लोहाराने शब्द दिला होता. तेव्हा शब्द देणं सोपं होतं. घण कोपऱ्यात पडून होता आणि त्याच्या दांड्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

पहिल्या दिवशी मुलाने घण उचलला. फाळाला टोक काढायचं होतं. लोहाराने लाल झालेला फाळ सांडशीने धरून ऐरणीवर ठेवला आणि हातोडीने टिचकी मारून जागा दाखवली. ती टिचकी पडेल तिथेच घण पडायला हवा, लगेच, लोखंड काळं पडायच्या आत. मुलाने सगळा जोर लावून घण मारला. घण कडेला पडला आणि फाळ सांडशीतून निसटून अंगणात उडाला. तिथे उभे असलेले मळेवाले पाय वर घेत मागे सरले. एक जण म्हणाला, "डीपी झाला, आता आम्हाला पण जाळा."

मुलाने पुन्हा मारला, पुन्हा चुकला. ठिणगीने लोखंडाला लोखंड जोडणं तो झोपेतही करू शकला असता, पण घण मारायला त्याचा हात कधी शिकलाच नव्हता. लोहाराने फाळ परत निखाऱ्यात सरकवला आणि बायकोकडे पाहिलं.

लोहारणीने पदर कमरेला खोचला. पन्नाशी उलटलेली बाई. तिने घण उचलला, दांड्यावर हात फिरवला आणि पाय रोवले. टिचकी पडली आणि तिथेच घण पडला. टिचकी, घण. टिचकी, घण. पाचोळ्यातून कोणी सावकाश चालत यावं तशी ती लय होती, कुठे घाई नाही. फाळाचं टोक निघत गेलं. मुलगा भिंतीशी उभा होता. थोड्या वेळाने तो आत निघून गेला.

शहरात गेटं बनवणाऱ्या एका कारखानदाराने त्याला पूर्वीच बोलावलं होतं. आता तो जायला निघाला.

"तिथे वीज जात नाही म्हणे," तो आईला म्हणाला, जणू तीच एक अडचण होती.

"मग जा. इथे बसून हाताला गंज चढेल."

"तुला घण मारायला ठेवून कसा जाऊ?"

"तू थांबलास तरी मीच मारणार आहे," ती म्हणाली. ते खरं होतं आणि म्हणूनच त्याला लागलं. बायकोला त्याने सांगितलं, "डीपी आला की येतो." तिने त्याच्या पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या आणि भात्याशी जाऊन बसली, कारण भट्टी पेटलेली होती.

पुढचे दिवस तिघांचे गेले. सून भाता ओढायची, लोहार सांडशी धरायचा, लोहारीण घण मारायची. उन्हाने पत्रा तापायचा आणि आत भट्टी. सासूच्या पाठीवर चोळी ओली व्हायची, वाळायची, मिठाची पांढरी रेघ उठायची आणि परत ओली व्हायची. दुपारी ती भिंतीला टेकून बसली की उजवा हात मांडीवर ठेवायची, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. सुनेने तेल चोळायला घेतलं तर म्हणायची, "राहू दे. चोळलं की दुखतंय हे त्याला कळतं."

एका सकाळी एक जाड पहार आली. टोक बोथट झालेली, वजनाला भारी. लोहार म्हणाला, "ही नको घ्यायला." लोहारीण म्हणाली, "विहीर खोल करतायत ते लोक. पाण्यासाठी आलेत, परत कसं पाठवायचं?" घाव चालले होते. मधेच घण ऐरणीच्या कडेवर पडला आणि खाली गेला. लोहारीण उभीच होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"काय झालं?"

"काही नाही. खांद्यात काहीतरी सुटलं."

ती हळूच खाली बसली. हात वर होईना. डॉक्टरने तपासून सांगितलं की आतला स्नायू फाटला आहे, गळ्यात झोळी बांधून हात स्वस्थ ठेवा. "परत चालेल ना?" लोहाराने विचारलं. "जेवण्यापुरता चालेल," डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवून लोहार नुसता बसून राहिला. अंगणात तिघे उभे होते. सुनेने भात्याची साखळी अंगणातल्या एका माणसाच्या हातात दिली, म्हणाली, "तुमचंच काम आहे, ओढा जरा." आणि तिने घण उचलला.

लोहार उठला. "ठेव तो."

"मामा, लोखंड तापलंय."

"तापू दे. मी तुझ्या बापाला शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात, घेतला त्यांनी. मला कोणी विचारलं नव्हतं." ती पाय रोवत होती, सासू रोवायची तसे. "मी नाही उचलला तर आत्या डाव्या हाताने उचलतील. तुम्हाला माहीत आहे."

घरातून झोळीतला हात सांभाळत लोहारीण दारात आली होती. लोहाराने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली वळवली, म्हणजे सून बोलली ते खोटं नव्हतं.

पहिले घाव चुकले. एक ऐरणीवर बसला आणि सुनेच्या हाताला कोपरापर्यंत मुंग्या आल्या. दारातून सासू म्हणाली, "हातांनी मारू नको. तो आपल्या वजनाने पडतो. तू फक्त वर ने आणि सोड." मग एक घाव जागेवर पडला. मग दोन. संध्याकाळी तिच्या तळहातांना फोड आले होते आणि भाकरी मोडताना त्यातला एक फुटला. लोहार अर्ध्या भाकरीवर उठला.

गिरणीवाल्याने मध्यंतरी जुनं डिझेल इंजिन परत जोडलं होतं. ते सदा खोकायचं. एक दिवस त्याच्या पट्ट्याच्या चाकाची लोखंडी खीळ मोडली आणि ती हातात घेऊन तो लोहाराच्या दारात आला. बराच वेळ अंगणात घुटमळला. आत सून घण मारत होती. त्याने पाहिलं आणि मान फिरवून चुलीच्या धुराकडे बघत राहिला.

"या," लोहार म्हणाला. "लोकांच्या पोटासाठी आहे ना."

गिरणीवाल्याने ते मुकाट्याने गिळलं. खीळ तयार होईपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. जाताना म्हणाला, "त्या दिवशी मी जरा बोललो."

"ज्याचं जळतं त्याला कळतं," लोहार म्हणाला. "तुमचं पण जळलंच होतं."

बातमी कोणी नेली कळलं नाही. एका दुपारी सुनेचा बाप आला. विटांच्या धुळीने रंगलेलं धोतर, पायात टायरच्या चपला. बरंच चालत आला असावा. तो दारात उभा राहिला तेव्हा मुलीची पाठ त्याच्याकडे होती आणि घण तिच्या डोक्यावर गेलेला होता. लोहाराने त्याला पाहिलं आणि त्याच्या हातातली हातोडी थांबली.

सुनेने मागे वळून पाहिलं. "बाबा," ती म्हणाली. मग, "बसा जरा. हे गार होईल." आणि तिने लोहाराकडे पाहिलं. लोहाराला टिचकी मारावी लागली. तिने तो फाळ पुरा केला, पाण्यात बुडवला, वाफ उठली, आणि मगच घण खाली ठेवला.

बापाने तिचे हात हातात घेतले आणि उलटे केले. त्याच्या स्वतःच्या तळहातांसारखेच झाले होते.

लोहारीण पाण्याचा तांब्या डाव्या हाताने घेऊन आली. "पाहुणे," ती म्हणाली, "चूक आमची आहे."

बाप लोहाराला म्हणाला, "शब्द मोडलात."

"मोडला," लोहार म्हणाला. त्याने डीपीचं नाव काढलं नाही, मुलाचं काढलं नाही, बायकोच्या हाताचंही नाही.

"चल," बाप मुलीला म्हणाला. "पिशवी भर."

"अंगणात बघा बाबा, किती जण उभे आहेत. आज निघाले तर यांची कामं कोण करेल?"

"ते मला काय करायचंय?"

"तुम्हाला काही करायचं नाही. मला आहे." ती इतक्या हळू बोलली की अंगणात ऐकू गेलं नाही. "भट्टीवर आई विटा वाहायची तेव्हा तिच्या बदल्यात कोणी उभं राहिलं नाही. मी लहान होते. इथे मी उभी राहिले, एवढंच."

बाप पायरीवर बसला. तांब्यातलं पाणी त्याने पिऊन टाकलं. बऱ्याच वेळाने उठून तो आत आला, भात्याशी बसलेल्या गिऱ्हाइकाला हाताने बाजूला सारलं आणि साखळी धरली. संध्याकाळपर्यंत त्याने भाता ओढला. दुसऱ्या दिवशीही ओढला. लोहाराशी तो एक शब्द बोलला नाही, जेवणाच्या पानावरही नाही. तिसऱ्या दिवशी वीटभट्टीवरच्या मुकादमाचा निरोप आला तेव्हा चपला घालून निघाला. मुलगी वेशीपर्यंत पोचवायला गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. सासूने धुराला शिव्या घातल्या.

डीपी आला तेव्हा पेरण्या होऊन गेल्या होत्या. तोच डीपी, दुरुस्त केलेला, वर नवा रंग. इंजिनियर स्वतः आला होता. वर लिहिल्याचं त्याने सांगितलं आणि उत्तर आलेलं नाही हेही सांगितलं. गाव जमलं आणि ठरलं की वेल्डिंगचं मशीन दुपारी, गिरणी बंद असेल आणि मोटारी बंद असतील तेवढ्याच वेळात लावायचं. गिरणीवाला म्हणाला, "मी गिरणी अजून थोडी जास्त वेळ बंद ठेवेन." त्याच्याकडून हे बरंच होतं. तरी तेवढ्या वेळात एक गोठ्याचं दारसुद्धा पुरं होत नाही हे लोहाराला कळत होतं, आणि मुलाला त्याच्याही आधी कळलं.

मुलगा आला होता. शहरातले कपडे, हातावर नवे भाजल्याचे डाग. आईचा लोंबणारा हात बघून तो घराच्या मागे जाऊन उभा राहिला. रात्री जेवताना बायकोने ताट पुढे केलं तेव्हा त्याने तिचे तळहात पाहिले आणि घास तसाच ठेवला.

सकाळी तो म्हणाला, "तिथे दिवसभर काम आहे. खोली बघितली आहे. तुम्ही सगळेच चला."

"ऐरण उचलून नेतोस का?" लोहार म्हणाला.

मुलाने ऐरणीकडे पाहिलं. चेष्टा होती की नाही हे त्याला कळेना.

"तुम्ही दोघं जा," लोहारीण म्हणाली. "इथे दुपारच्या विजेवर दोन संसार चालत नाहीत."

सून म्हणाली, "मी राहते. आत्यांचा हात..."

"माझा हात तू राहिलीस म्हणून येणार नाही. आणि तू राहिलीस तर घण कोपऱ्यात राहणार नाही. कोणीतरी पहार घेऊन येईल आणि तू उठशील. मी तुला ओळखते आता."

निघायच्या सकाळी सासूने तिला आपल्यासमोर बसवलं. डाव्या हाताने वाटीतलं तूप घेऊन तिच्या तळहातावर चोळायला लागली. डावा हात तिला नीट वळत नव्हता, तूप मनगटावर ओघळत होतं.

"रोज लाव," ती म्हणाली. "गडबड करू नको. वर्षभर काही फरक दिसत नाही. मग एक दिवस नव्या लुगड्यावरून हात फिरवशील आणि धागा अडकणार नाही. माझे झाले होते तसे. तू आलीस त्याच्या आदल्या वर्षी."

सुनेने खाली वाकून तिच्या पायांना हात लावला आणि बराच वेळ डोकं वर केलं नाही. बाहेर बस हॉर्न वाजवत होती.

घर रिकामं झालं, तरी भट्टीचा पंखा आता विजेवर फिरत होता. निखारे आपोआप लाल व्हायचे. लोहार विळे, खुरपी, लहान कामं करायचा, एकट्याच्या हातोडीने होतील अशी. दुपारी वेळ मिळाला तर मशीन लावून एखादा सांधा जोडायचा. लोहारीण पंख्याचं बटण दाबायला शेजारी बसायची.

एक दिवस लांबच्या वस्तीवरचा माणूस खांद्यावर पहार घेऊन आला. उन्हातून आला होता, पाणी मागून प्यायला आणि पहार ऐरणीवर ठेवली. टोक पार गेलेलं होतं. लोहाराने ती उचलून वजन पाहिलं, उजेडात फिरवली आणि परत त्याच्या हातात दिली.

"घणाचं काम आता आम्ही घेत नाही."

"मग मी कुठे नेऊ?"

"शहरात जा. स्टँडच्या मागे गेटं बनवतात तिथे माझा मुलगा आहे. सून पण तिथेच असते."

"एका पहारीसाठी शहरात?"

माणसाने पहार खांद्यावर घेतली. लोहारणीने डाव्या हाताने बटण दाबलं, पंखा फिरायला लागला, आणि लोहाराने निखाऱ्यात एक खुरपं ठेवलं.